लिफ्टर बदलूनही टिकटिक परत येते? जास्त चाललेल्या १.३ डिझेलसाठी नवा सेट घेण्याआधी

गाडी स्विफ्ट किंवा डिझायर डिझेल, मीटरवर अडीच-तीन लाख किलोमीटर. स्लोवर उभी असताना बॉनेटखालून, इंजिनाच्या वरच्या अंगाने टिकटिक ऐकू येते. मिस्त्री कान लावतो, "टॅपेट गेलेत" म्हणतो (इथे टॅपेट म्हणजे लिफ्टर, व्हॉल्व्हच्या वरचा गॅप भरून काढणारे छोटे भाग), लिफ्टर बदलतो आणि गाडी शांत होते. चार-सहा महिन्यांत तोच आवाज परत. मग "मागच्या वेळी लोकल माल पडला, आता कंपनीचा टाकू" असं म्हणत सगळं पुन्हा उघडलं जातं. दुसऱ्यांदा पैसे जातात, कधी तिसऱ्यांदाही. ज्यांचं घर त्या गाडीच्या भाड्यावर चालतं त्यांना हा फेरा परवडत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं असं: परत आलेल्या टिकटिकीचं मूळ बहुतेक वेळा लिफ्टरपर्यंत पोचणाऱ्या ऑईलमध्ये असतं. ऑईलचं प्रेशर मोजल्याशिवाय आणि चेंबर (इंजिनाच्या तळाचं ऑईलचं भांडं) उतरवून त्यातली ऑईल गाळणारी जाळी पाहिल्याशिवाय नवा सेट विकत घेऊ नका. कोणत्या कंपनीचा घ्यायचा हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण त्याचा नंबर त्यानंतर लागतो.

कोणत्या इंजिनाबद्दल बोलतोय

फियाटचं १.३ मल्टिजेट. २००३ मध्ये युरोपात आलेलं हे १२४८ सीसीचं इंजिन मारुतीने डीडीआयएस आणि टाटाने क्वाड्राजेट या नावांनी विकलं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा, इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया, सगळ्यांत मूळ इंजिन हेच. मारुतीसाठी ते मानेसरला बनायचं, फियाट-टाटासाठी पुण्याजवळ रांजणगावला. २०२० मध्ये मारुतीने डिझेल बंद केलं, त्यामुळे आज रस्त्यावर दिसणाऱ्या या इंजिनाच्या सगळ्याच मारुती आता जुन्या म्हणायच्या.

चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह, दोन कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे फिरते दांडे), टायमिंगला चेन. प्रत्येक व्हॉल्व्हवर एक छोटा रोलर रॉकर, म्हणजे मधे रोलर असलेली छोटी दांडी, असतो. त्याचं एक टोक व्हॉल्व्हच्या दांडीवर, दुसरं टोक हायड्रॉलिक लिफ्टरच्या गोल डोक्यावर, आणि मधल्या रोलरवर कॅम फिरतो. म्हणजे लिफ्टरही १६. कॅम आणि रोलरमधला गॅप सतत शून्य ठेवणं हे त्यांचं काम.

वॅगन आर किंवा स्विफ्ट पेट्रोलच्या के-सिरीज इंजिनात असे लिफ्टर नसतातच. तिथे वेगवेगळ्या जाडीचे साधे बकेट असतात आणि गॅप फीलर गेजने मोजून योग्य जाडीचा बकेट निवडायचा असतो. जुन्या ८०० सीसी अल्टोला तर रॉकरच्या स्क्रूवरच गॅप लावतात. त्या गाड्यांना कोणी "हायड्रॉलिक लिफ्टर बदलू" म्हणत असेल तर गाडी तिथे सोडू नका.

लिफ्टर आवाज का करतो

लिफ्टरच्या आत एक प्लंजर, त्याखाली ऑईलचा बंद कप्पा, आणि कप्प्याच्या तोंडाशी छोट्या गोळीचा एकतर्फी व्हॉल्व्ह असतो. कॅम मोकळा असताना स्प्रिंग प्लंजरला वर ढकलते आणि कप्प्यात ऑईल शिरतं. कॅमने दाब दिला की गोळी तोंड बंद करते, ऑईल अडकतं आणि लिफ्टर घट्ट होतो. सुई काढलेल्या सिरिंजचं तोंड अंगठ्याने दाबून दांडा ढकलून पाहा: आत पाणी असेल तर दांडा हलत नाही, हवा असेल तर आत जातो. लिफ्टरमध्येही हवा शिरली किंवा ऑईल कमी पडलं की तो दबतो, गॅप पडतो आणि रॉकर ठोकायला लागतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. प्लंजर आणि बॉडी यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये असते आणि कारखान्यात ती जोडी जुळवून बसवलेली असते. म्हणून जुने लिफ्टर उघडून, धुऊन, एकाचा प्लंजर दुसऱ्यात घालून "रिपेअर" करणं चुकीचं आहे. दुसरं म्हणजे, नवाकोरा आणि उत्तम लिफ्टरसुद्धा हवामिश्रित ऑईलवर टिकटिक करणारच. सेट बदलून चार महिन्यांत आवाज परत येतो तो बहुतेक वेळा याच दुसऱ्या कारणाने.

आधी खात्री करा, आवाज लिफ्टरचाच आहे का

डिझेलमध्ये ही सगळ्यात अवघड पायरी आहे, आणि गॅरेजमध्ये तीच सगळ्यात घाईत उरकली जाते. स्लोवर इंजिन मिनिटाला साधारण ८५० फेऱ्या घेतं आणि कॅम त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे एक सैल लिफ्टर सेकंदाला साधारण ७ वेळा वाजतो. पण त्या सिलिंडरचा इंजेक्टरही (डिझेल फवारणारा भाग) इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांना एकदाच काम करतो, म्हणजे तोही त्याच लयीत वाजतो. नुसत्या लयीवरून दोघांत फरक करता येत नाही.

त्यासाठी स्कॅनर लावून एकेक सिलिंडर बंद करून पाहायचा. एखादा सिलिंडर बंद केल्यावर आवाज गेला किंवा बदलला, तर दोष इंजेक्टरकडे किंवा जळण्याकडे आहे. एकेक करून चारही बंद करून पाहिले आणि टिकटिक तशीच राहिली, तर रॉकर-लिफ्टरकडे वळायचं. ही चाचणी करायला हाय प्रेशरचा पाईप चालू इंजिनावर कधीही सैल करू नका. जुन्या डिझेलवर ती पद्धत चालायची. या इंजिनाच्या कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी सामायिक नळी) हजार बारच्या वर जाणारं प्रेशर असतं, तो फवारा कातडीतून आत घुसतो.

लिफ्टरसारखे भासणारे आणखी आवाज आहेत. इंजेक्टरच्या तळाचा कॉपर वॉशर गळत असेल तर "चफ-चफ" असा आवाज येतो आणि इंजेक्टरच्या भोवती डांबरासारखा काळा थर साचतो. टॉर्च घेऊन आधी तिथेच पाहा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गळती थंड इंजिनाला टिकटिक करते आणि लोखंड तापून पसरलं की कमी होते. चेन सैल असेल तर थंड स्टार्टला चेनच्या बाजूने खडखड येते. व्हॅक्यूम पंपही वाजतो, त्याचा आवाज कॅमच्या टोकाशी लांब स्क्रू ड्रायव्हर किंवा स्टेथोस्कोप टेकवला की वेगळा कळतो.

आवाज लिफ्टरचाच ठरला, तर तो कधी येतो याची नोंद करा. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी काही सेकंद टिकटिक होणं चालतं. गाडी बंद झाली तेव्हा जे व्हॉल्व्ह उघडे होते त्यांचे लिफ्टर स्प्रिंगच्या दाबाखाली रिकामे झालेले असतात, ते भरायला तेवढा वेळ लागतो. त्यासाठी इंजिन उघडू नका. इंजिन थंड असताना शांत आणि तासभर चालवून आल्यावर स्लोवर टिकटिक, असा प्रकार असेल तर ऑईल प्रेशरचा संशय पहिला. थंड-गरम, स्लो-रेस, सगळीकडे एकाच जागी एकच ठोका येत असेल, तर एखाद्या रॉकरचा रोलर किंवा कॅमचा लोब (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा) खाल्ला गेलेला असू शकतो.

ऑईल: खरी मेख इथे आहे

ऑईलची पातळी दाखवणाऱ्या पट्टीपासून सुरुवात करा. ऑईल कमी असेल तर महाबळेश्वरच्या वळणांवर ते एका बाजूला सरकतं आणि जाळी हवा ओढते. जास्त असेल तर क्रॅन्क (पिस्टनने फिरणारा खालचा दांडा) ते घुसळतो आणि फेस करतो. परिणाम एकच, लिफ्टरमध्ये हवा. या इंजिनात ऑईल तीन लिटरच्या आसपासच मावतं. इतक्या थोड्या ऑईलवर डिझेलची काजळी पडते, त्यामुळे ते लवकर खराब होतं आणि अर्ध्या लिटरची चूकही महागात पडते. पट्टीवरची पातळी ऑईल न घालता वाढत असेल तर इंजेक्टरमधून डिझेल खाली उतरतंय. असं पातळ झालेलं ऑईल प्रेशर धरत नाही. तिथे इंजेक्टर दुरुस्त केल्याशिवाय लिफ्टर बदलणं व्यर्थ आहे.

मग प्रेशर मोजा. ऑईल प्रेशर स्विच काढून त्या जागी काट्याचा गेज लावायचा, गाडी वीसेक मिनिटं चालवून पूर्ण गरम करायची, आणि स्लोवर व रेसवर आकडा घेऊन कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडायचा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागत नाही म्हणून प्रेशर ठीक आहे असं समजू नका. तो दिवा प्रेशर अगदी तळाला गेल्यावरच लागतो. त्याच्या कितीतरी आधी लिफ्टर उपाशी राहायला लागलेले असतात.

आकडा कमी आला तर चेंबर उतरवा. मला सर्वाधिक वेळा सापडलेलं कारण तिथेच असतं: ऑईल पंपाच्या सक्शनच्या जाळीत अडकलेले, सांधे बंद करायच्या सिलिकॉनचे तुकडे. आधी कोणीतरी चेंबर किंवा टायमिंग कव्हर उघडून परत लावताना सिलिकॉनचा जाड पट्टा ओढलेला असतो. आतल्या बाजूला दाबून निघालेला भाग सुटतो, ऑईलबरोबर फिरतो आणि जाळीवर बसतो. त्यात काळा गाळ मिसळला की जाळीचा मोठा भाग बंद. अशा गाडीला जगातला सर्वांत भारी लिफ्टर घाला, तो वाजणारच. जाळी धुऊन, सक्शन पाईपच्या सांध्याचं सील नवं घालून पुन्हा प्रेशर मोजा. अनेकदा इथेच टिकटिक थांबते आणि लिफ्टर घ्यायची वेळच येत नाही.

जाळी स्वच्छ असूनही प्रेशर कमी असेल तर ऑईल पंप आणि बेअरिंगकडे पाहावं लागतं. या इंजिनात पंप पुढच्या टायमिंग कव्हरमध्येच आहे, म्हणजे त्याला हात घालायचा तर चेन उघडावी लागते. चेन ताणून धरणारा टेन्शनरही ऑईल प्रेशरवरच चालतो. म्हणून ज्या गाडीत लिफ्टरची टिकटिक आणि चेनची खडखड दोन्ही आहेत, तिथे दोन वेगळे आजार समजू नका. दोघांना पुरवठा एकच आहे. अशा गाडीत पंप, चेन किट आणि लिफ्टर एकत्रच करा, मजुरी एकदाच पडेल.

फिल्टरबद्दल दोन वाक्यं. यात डबीच्या आत बसणारा कागदी एलिमेंट असतो. स्वस्त एलिमेंट दाबाखाली चेपतो किंवा टोकाशी नीट बसत नाही. झाकणाची ओ-रिंग प्रत्येक वेळी नवी घाला.

आवाज दाबण्यासाठी जाड ऑईल टाकणं हा उपाय सर्रास सांगितला जातो. हायवेवरच्या गॅरेजमध्ये ट्रकसाठी आणलेलं १५डब्ल्यू-४० बॅरलमधून ओततात, कोणी २०डब्ल्यू-५० पण देतो. आवाज खरंच कमी होतो, कारण जाड ऑईल झिजलेल्या फटीतून हळू निसटतं. पण थंड स्टार्टला तेच ऑईल लिफ्टर, टर्बो आणि चेन टेन्शनरपर्यंत उशिरा पोचतं आणि रोज सकाळी थोडी थोडी झीज वाढत जाते. गाडी विकायला काढलेल्या माणसाला हा उपाय सोयीचा वाटतो. गाडी घेणाऱ्याने मात्र म्हणूनच गरम इंजिनाची टिकटिक ऐकून घ्यावी आणि कोणतं ऑईल भरलंय ते विचारावं.

आता लिफ्टर निवडताना

प्रेशर बरोबर आहे, तरीही आवाज आहे, तेव्हाच खरेदीला निघा.

पूर्ण १६ चा सेट घ्या. "दोनच वाजतायत, दोनच बदलू" हा हिशोब या इंजिनात बसत नाही. लिफ्टरपर्यंत पोचायला कॅमची वरची हाउसिंग उतरवावी लागते, त्यासाठी कॅम पिन लावून लॉक करणं, इंजेक्टर काढणं, हाय प्रेशर पाईप सोडवणं आलंच. त्यात वेळ जातो आणि जोखीमही असते. उरलेल्या १४ लिफ्टरनी तेवढेच किलोमीटर काढलेत. त्या चौदांचे पैसे वाचवून पुढच्या वर्षी परत उघडण्यात काहीच फायदा नाही.

पार्ट नंबर गाडीच्या नावावरून मागू नका, चॅसिस नंबरवरून काढा. एकाच नावाची गाडी ७५ बीएचपीत आहे, ९० बीएचपीतही आहे, बीएस-३ आहे, बीएस-४ आहे. बाहेरून लिफ्टर सारखे दिसतात. फरक उंचीत, ऑईलच्या छिद्राच्या जागेत, डोक्याच्या गोलाईत असू शकतो. दुकानात जाताना जुना लिफ्टर सोबत न्या आणि व्हर्निअरने व्यास व उंची मोजा, छिद्र कुठल्या पातळीवर आहे ते पाहा. डोळ्याने "सेम आहे" म्हणणाऱ्या दुकानदारावर भागवू नका.

कोणाचा घ्यावा? माझी पसंती गाडीच्या कंपनीच्या डब्यातल्या मालाला, किंवा जे उत्पादक गाडी कंपन्यांना असे भाग पुरवतात त्यांच्या स्वतःच्या डब्यातल्या मालाला. शेफलरचा आयएनए हा त्यातला ओळखीचा ब्रँड. शेफलर इंडियाचं मुख्यालय पुण्यात आणि एक कारखाना तळेगावला आहे, त्यामुळे निदान पुणे-मुंबई पट्ट्यात अधिकृत वितरक शोधणं अवघड नाही. अनामिक पांढऱ्या डब्यातल्या लिफ्टरचं दुखणं त्या मायक्रॉनच्या फटीत आहे. बाहेरची बॉडी कोणीही टर्न करू शकतं. आतली जोडी एका मापात जुळवणं सगळ्यांना जमत नाही, आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. असा सेट बसवल्यावर गप्प असतो, गरम ऑईलवर मात्र लवकर दबायला लागतो.

डुप्लिकेटही भरपूर आहेत. पुण्याची नाना पेठ असो की मुंबईचं ऑपेरा हाउस, चांगले दुकानदार दोन्हीकडे आहेत आणि नकली डबेही दोन्हीकडे फिरतात. पक्कं बिल, बिलावर पार्ट नंबर, डब्यावर आणि प्रत्यक्ष लिफ्टरवर जुळणारं मार्किंग, हे तिन्ही हवं. १६ लिफ्टर ओळीने उभे करून पाहा. एकाच सेटमध्ये फिनिश वेगवेगळं दिसलं, कडांना बर (धातूची खरखर) लागला किंवा छिद्रांचे काठ ओबडधोबड असले, तर परत करा. किंमत बाजारभावाच्या निम्मी सांगत असतील तर डबा न उघडताच परत करा.

कुर्ल्याच्या स्क्रॅप बाजारातून सेकंडहँड लिफ्टर आणू नका. बंपर, दरवाजा, अगदी आल्टरनेटरही तिथून आणलेला चालतो. लिफ्टर मात्र ज्या रॉकरबरोबर झिजला त्याच्याशीच जुळलेला असतो, आणि आत किती काजळी आहे ते कळायचा मार्ग नाही.

रॉकरचा विषय इथेच येतो. अडीच लाखांच्या पुढच्या गाडीत नुसते लिफ्टर बदलून थांबू नका. प्रत्येक रॉकरचा रोलर बोटाने फिरवा. तो मऊ आणि न अडखळता फिरला पाहिजे. उभा खेळ जाणवला, रोलरवर खड्डे किंवा निळसर डाग दिसले, किंवा लिफ्टरचं डोकं बसतं त्या वाटीत कडा तयार झाली असेल, तर रॉकरही बदला. झिजलेल्या वाटीत नवं गोल डोकं नीट टेकत नाही आणि दोन्ही लवकर जातात. कॅमच्या लोबवर नख फिरवून चर लागतो का तेही पाहा.

ज्या गाडीचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) आधी उतरून व्हॉल्व्ह सीटचं, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेचं, काम झालंय, तिथे आणखी एक सापळा आहे. सीट कापली की व्हॉल्व्ह वर सरकतो, रॉकरचं ते टोक वर येतं आणि लिफ्टरच्या प्लंजरला तेवढंच खाली बसावं लागतं. लिफ्टरची चाल मर्यादित असते. ती संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही: कॉम्प्रेशन जातं, स्टार्टिंगला त्रास होतो, व्हॉल्व्ह जळतो. अशा गाडीत लोक पुन्हा लिफ्टरलाच दोष देतात. हेडचं काम करताना व्हॉल्व्हच्या दांडीची उंची मोजून मॅन्युअलच्या मर्यादेत ठेवणं हाच त्यावर इलाज आहे.

बसवताना

जुने लिफ्टर आणि रॉकर क्रमाने, खुणा करून ठेवा. तपासणीत कुठल्या व्हॉल्व्हचा काय हाल झालाय ते कळतं, आणि रॉकर परत वापरायचे असतील तर ते त्याच जागी गेले पाहिजेत. लिफ्टरच्या भोकांतले ऑईलचे मार्ग हवेने फुंकून साफ करा. नवे लिफ्टर डब्यातून काढल्यावर उभेच ठेवा. त्यांच्यात कारखान्यातून थोडं ऑईल भरलेलं येतं, त्यामुळे तार घालून पंप करत बसायची गरज नाही. बाहेरून स्वच्छ ऑईल लावलं की पुरे.

सगळं बसल्यावर लगेच स्टार्टर मारू नका, किमान अर्धा तास थांबा. नवा लिफ्टर पूर्ण ताणलेला असेल तर तो व्हॉल्व्ह किंचित उघडा धरून ठेवतो, आणि या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतो. स्प्रिंगच्या दाबाने जास्तीचं ऑईल निघून जायला तो वेळ हवा. मग क्रॅन्क पान्याने हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. कुठेही अडलं तर जोर न लावता टायमिंग पुन्हा तपासा. इंजेक्टरखालचे कॉपर वॉशर नवेच घाला, नाहीतर लिफ्टरची टिकटिक जाऊन वॉशरची चफ-चफ घरी न्याल.

चेंबर परत लावताना सिलिकॉनचा पट्टा बारीक ओढायचा. मिस्त्रीला हे आधीच सांगा आणि शक्य असेल तर स्वतः उभे राहून पाहा.

ऑईल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच भरा. जुन्या, गाळ साचलेल्या इंजिनात जोरदार फ्लश (आतून साफ करणारं केमिकल) वापरू नका, सुटलेला गाळ सरळ जाळीवर जाऊन बसतो. त्यापेक्षा पहिलं ऑईल आणि फिल्टर हजार-दोन हजार किलोमीटरवर बदला, पुढचं पाच हजारांवर, आणि मग नेहमीच्या अंतरावर या. पैसे लागतात, पण गाळ हळूहळू आणि फिल्टरमध्ये अडकत निघतो.

पहिल्या स्टार्टला काही मिनिटं टिकटिक होईल, घाबरू नका. गाडी स्लोवर न ठेवता मोकळ्या रस्त्यावर मध्यम रेसवर वीस-तीस मिनिटं चालवा, म्हणजे अडकलेली हवा निघेल. त्यानंतरही एखादा ठोका राहिला तर तो कुठल्या सिलिंडरवर आहे ते स्टेथोस्कोपने ठरवून त्याच गॅरेजकडे परत जा.

आणि गाडी ताब्यात घेताना गरम इंजिनाचं ऑईल प्रेशर, स्लोवर आणि रेसवर, दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्या. सोबत लिफ्टरचा पार्ट नंबर, भरलेल्या ऑईलचा ग्रेड आणि मीटरचं रीडिंग. पुढे कधी आवाज आला तर नवा मिस्त्री पहिल्यांदा गेज लावेल आणि त्याच्याकडे ताडून पाहायला तुमच्याच गाडीचा आकडा असेल.